दिवाणखान्यातलं शहाणं पोर

इब्तिहाल माझी शेजारीण. करक शहरात घरी बसून नवरीमुलींचे पोशाख शिवायची आणि एक डोळा कायम स्वयंपाकघराच्या कुलपावर ठेवायची. तिच्या पोराच्या, सुहैबच्या, जनुकांतच बिघाड आहे. पोट भरलं हे त्याला कळत नाही. भाकरी दिली नाही की स्वतःच्या हाताचे लचके तोडतो, आईला बडवतो. गल्ली म्हणायची, आई पोराला उपाशी मारते. मूर्ख मेले!

अम्मानची समुपदेशक लुबना त्याला फोनवर, व्हिडिओतून भेटायची. राग चढताना पोरानं काय करायचं, आईनं काय बोलायचं, हे शिकवायची. धर्मादाय योजना होती. एक मूल सुधारलं की जागा दुसऱ्याला.

आता परक्या बाईला आमच्याकडे बसवतात कुठे? दिवाणखान्यात. मग ती फोनमधून का येईना! इब्तिहालची सासू हाज्जा फिद्दा फोन लोडाला टेकवून ठेवायची आणि पोर शांत राहावं म्हणून सुहैबच्या मुठीत गुपचूप खजूर कोंबायची.

लुबना विचारायची, "राग आला की काय करतोस, सुहैब?"

"हळू श्वास घेतो, लुबना खाला."

"शाब्बास!"

मी इब्तिहालला म्हटलं, "अगं, तिला स्वयंपाकघर दाखव. दातांच्या डॉक्टरपुढे तोंड मिटून बसतेस का?"

"पण कुलूप बघून ती काय म्हणेल, खाला?"

मी कॉलेज शिकलेली, म्हणून आतून हाज्जा मला ओरडली, "पाहुण्याला मोरी दाखवायला तुमच्या कॉलेजात शिकवत असतील. आमच्यात नाही!"

मग एके दिवशी लुबना इब्तिहालला हसत म्हणाली, "उम्म सुहैब, पोरगा छान सुधारलाय. आज आपली शेवटची भेट."

इब्तिहाल उठली. फोन उचलून थेट कुलपापाशी गेली. सुहैब मागोमाग धावला, भाकरी मागू लागला. ती नाही म्हणाली. पुढचं सगळं लुबनानं पाहिलं. इब्तिहालनं मग बाही वर करून दंडावरचे दातांचे वणही दाखवले.

लुबना म्हणाली, "हे आधी का नाही दाखवलंत? माझा अहवाल गेलाय. जागा तफीला गावच्या एका मुलीला दिली. तुमचं नाव पुन्हा घालते, पण यादीच्या शेवटी."

हाज्जा म्हणाली, "झालं समाधान? अब्रूही गेली, बाईही गेली."

आता ते शिकवणं इब्तिहाल एकटीच करते. स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून बसते, लुबनाची वाक्यं जशीच्या तशी म्हणते. पण ती वाक्यं शांत बसलेल्या पोरासाठी होती. दारावर डोकं आपटणाऱ्या पोराशी काय बोलायचं, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही.