आधी तांबडे होणारे झाड

बीदरहून कमठाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या सरकारी बंगल्याच्या आवारात देशी बदामाची सहा झाडे होती. मारोती तिथे सत्तावन साली माळी म्हणून लागला. काही जण छप्पन म्हणतात. नेमणुकीच्या कागदावर मात्र सत्तावनच आहे. आदल्या वर्षी घरच्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि सगळेच नव्याने सुरू झाल्यासारखे वाटत होते. त्या भरात त्याच्या बायकोने, शोभाबाईने, पाच जुन्या झाडांच्या ओळीत सहावे रोप लावले.

पौषात बदामाची पाने तांबडी होत. आधी फाटकाजवळचे सर्वांत जुने झाड रंगे, मग ओळीने बाकीची. आणि सगळी उघडी पडली तरी शोभाबाईचे झाड हिरवेच उभे असे. हे वर्षानुवर्षे पाहून मारोतीने नियम बसवला होता: म्हातारे झाड आधी तांबडे होते. मुक्कामाला आलेले अधिकारी त्याला मुद्दाम झाडांची वये विचारत आणि तो खात्रीने सांगे.

“अण्णा, माझं डोस्कं तुमच्याआधी पांढरं झालं. मग मी तुमच्याहून म्हातारी व्हय?” स्वयंपाकीण नागूबाई विचारी.

“झाडाचं म्हणालोय मी, अक्का. तुमचा नियम येगळा.”

एकोणसत्तर साली शोभाबाई गेली. पुढे दुपारची कामे आटोपली की मारोती तिच्या झाडाखाली बसे. पानांतून उतरलेले हिरवे ऊन अंगावर हलत राही. डोळा लागे, उघडे, पुन्हा लागे. अशा वेळी शोभाबाई घागर घेऊन आडावर गेली आहे आणि येईलच, असे त्याला वाटे. आणि ती आली नाही, याचेही त्या उन्हात फारसे नवल वाटत नसे.

त्र्याहत्तरच्या पौषात नेमके तेच झाड सर्वांआधी तांबडे झाले. आठ दिवसांत एकही हिरवे पान उरले नाही.

त्याच आठवड्यात विरुपाक्ष ओव्हरसियर जीपच्या शेडसाठी जागा पाहायला आले. “एक झाड काढावं लागतंय. जे सगळ्यात म्हातारं, तेच काढू,” ते म्हणाले आणि सहाव्या झाडापाशी थांबले. “हेच की. तुझाच नियम हाय, मारोती.”

मारोती गप्प राहिला तर झाड जाणार होते; बोलला तर सोळा वर्षांचा मान.

“सायेब, माझा नियम चुकलाय.”

“आजवर चुकला न्हाई, आताच कामून चुकायलाय?”

“आजवर मी त्याला तपासलंच न्हाई. निस्तं बघितलं. हे झाड माझ्या बायकोनं लावलेलं, सगळ्यात धाकटं हाय.”

“मग पिकलं कशानं?”

मारोतीने खाली पाहिले. दसऱ्याला त्यानेच गवंड्याकडून बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार बांधून घेतला होता. तिच्या सावलीत नीट बसता यावे, एवढ्यासाठी.

“मीच त्याचं पाणी तोडलंय, सायेब. म्हातारपण न्हाई ते. तहान हाय.”

विरुपाक्षांनी शेंड्यापर्यंत नजर नेली. “शिमग्यापतोर थांबतो. कोंब आला तर ऱ्हाऊ दे. न्हाई आला तर मला पुन्हा बोलायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मारोतीने पहारीने पार फोडला. नागूबाई तांदूळ धुतलेले पाणीही मोरीत न ओतता झाडाला घालू लागली. पाने गळत राहिली. काही दिवस तांबड्या जमिनीवर एक उघडे झाड उभे होते आणि मारोती त्याच्याभोवती स्वप्नातल्यासारखा सावकाश फिरत होता. बाकीची पाच झाडे एकेक करून रंगली, गळली, फुटलीही. सहावे तसेच.

फाल्गुन लागला. एका सकाळी खालच्या फांदीच्या टोकाला त्याला हिरवट टोक दिसले. अळी असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. ती हलते का, हे पाहत तो दुपारपर्यंत उभा राहिला. मग त्याने हाक मारली.

“अक्का, तुम्ही बघा. माझ्या बघण्यावर माझा भरोसा न्हाई.”

नागूबाईने ओला हात पदराला पुसला, फांदी खाली ओढली आणि बराच वेळ निरखले.

“कोंबच हाय, अण्णा. आणि हिकडं दुसरा.”

मारोतीने मान डोलावली. बसायला पार नव्हता. तो ओल्या मातीतच बसला.