साळवे गुरुजींना किती स्टार?

पेपरच्या ऑफिसात रद्दी साठते तसे किस्सेही साठतात. फरक एवढाच, की रद्दीवाला महिन्याला येऊन गठ्ठे घेऊन जातो. किस्से न्यायला कोणी येत नाही. मग ते असे मित्रमंडळींत बसून आपणच रिकामे करायचे!

नगरच्या एका दैनिकात माझी हयात गेली. या हयातीत मी पुढाऱ्यांशी भांडलो, अधिकाऱ्यांशी भांडलो, एकदा तर उद्घाटनाला आलेल्या बँडवाल्यांशीही भांडलो. पण ज्याच्याशी भांडताना घाम फुटला तो शत्रू दिसत नव्हता, बोलत नव्हता आणि चहाही पीत नव्हता. त्याचं नाव प्लगइन!

* * *

आमचे मालक आबासाहेब. त्यांचे जावई पुण्याला कॉम्प्युटरमध्ये. पेपरची वेबसाइट त्यांनीच करून दिली. आता सासऱ्याच्या घरात जावयाचा शब्द कोण खाली पडू देतो? आम्ही सगळे त्यांना जावईबापूच म्हणायचो. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, तरी जावईबापू!

एक दिवस त्यांनी मीटिंग घेतली. म्हणाले, "वेबसाइटला फीड जोडू. पिठाच्या गिरणीला चाळणी जोडतो ना, तसा प्लगइन हा एक तयार भाग असतो. तो जोडला की बाहेरच्या बातम्या, हवामान, लोकांच्या पोस्ट, सगळं आपोआप येऊन पडतं. फुकट!"

फुकट म्हटल्यावर आबासाहेबांचे डोळे चमकले. म्हणाले, "मग ते 'तालुक्यातून' पान कशाला हवं? वार्ताहर बंदच करू की."

मी उठून उभा राहिलो. 'तालुक्यातून' म्हणजे आमच्या गावोगावच्या वार्ताहरांचं पान. त्यातले सगळ्यात जुने राहुरीचे साळवे गुरुजी. मिशनच्या शाळेत मास्तर होते, रिटायर झाले, पण बातमी लिहिणं सुटलं नाही. आमचं ओळखपत्र ते रविवारी चर्चला जातानाही खिशात ठेवतात! हे पान गेलं असतं तर त्या माणसाच्या खिशात नुसतं पेन उरलं असतं.

जावईबापूंनी स्क्रीनवर प्लगइनची यादी लावली. "हा बघा, याला चार पॉइंट सात स्टार आहेत."

मी विचारलं, "आणि साळवे गुरुजींना किती स्टार?"

कोणी हसलं नाही. आबासाहेबांनी तडजोड काढली. एक महिना वर फीड, खाली 'तालुक्यातून'. महिना संपला की ठरवू.

* * *

पहिला जोडला हवामानाचा प्लगइन. जावईबापूंनी जिल्ह्याचं नवं नाव टाकलं, त्याला सापडेना. जुनं टाकलं, तेही सापडेना. मग त्यांनी ती जागा तशीच सोडली. प्लगइन आपला त्याच्या जन्मगावचं हवामान दाखवत बसला. ते गाव कुठल्या देशात, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पावसाने दडी मारलेली, बाहेर पत्रे तापलेले, ऑफिसातला कूलर गरम हवा फेकतोय आणि आमच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत, "आज हलका हिमवर्षाव. रस्ते निसरडे."

दुपारी एका वाचकाचा फोन आला. आवाज अगदी गंभीर. "साहेब, स्वेटर घालून बसलोय. अजून किती वाट बघू?"

* * *

दुसरा प्लगइन लोकांच्या पोस्टचा. कोणीही कुठंही आमच्या पेपरचं नाव लिहिलं, की ती पोस्ट आमच्या मुखपृष्ठावर. आधी वाचून मग मंजुरी द्यायची सोय त्यात होती, पण जावईबापूंनी ती बंद ठेवली. म्हणे, "वाचत बसायला वेळ कुणाला आहे?"

संपादकाच्या खुर्चीशेजारी बसून हे वाक्य बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला!

पहिली पोस्ट आली. "या पेपरात शब्दकोडं सोडून वाचण्यासारखं काही नसतं." मुखपृष्ठावर. आमच्या नावाच्या बरोब्बर खाली.

आबासाहेब लालबुंद. "कोण आहे हा? आणि याला अंगठे देणारे कोण आहेत, नावं वाचा!"

मी वाचायला लागलो आणि पहिल्याच नावाशी थांबलो.

"वाचा की!"

"आबासाहेब, वहिनीसाहेब आहेत."

* * *

पण खरा उच्छाद मांडला तिसऱ्या प्लगइनने. प्रत्येक बातमीखाली तिच्यासारख्याच आणखी तीन बातम्या शोधून लावायच्या, हे त्याचं काम. वरचं शीर्षकही तयारच असायचं, "तुम्हाला हेही आवडेल का?"

बेलापूरच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याची निधनवार्ता आम्ही टाकली. प्लगइनने इमानेइतबारे तिच्यासारख्या तीन शोधल्या. एक दशक्रिया, एक प्रथम पुण्यस्मरण आणि शोकसभेचा एक वृत्तांत. वर हसरा चेहरा आणि "तुम्हाला हेही आवडेल का?"

दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याचे धाकटे भाऊ ऑफिसात आले. पांढरा सदरा, वय ऐंशीच्या घरात. मला वाटलं, आता हे कोर्टात खेचणार. त्यांनी शांतपणे मोबाईल पुढं केला.

"हे तुमीच इचारलंय ना?"

"ते आपोआप येतं हो, काका. चूक झाली आमची."

"चुकीचं न्हाई वो. इचारलंय तर उत्तर द्यावं म्हनून आलो." मग एकेक शब्द जपून टाकत म्हणाले, "न्हाई आवडनार. सध्या तरी न्हाई."

* * *

मीही गप्प बसणारा नाही. प्लगइनच्या पानावर अभिप्राय लिहायची जागा असते, हे मी शोधून काढलं. त्याला एक स्टार दिला आणि खाली चारशे शब्दांचा खणखणीत अग्रलेख लिहिला. निधनवार्तेचं गांभीर्य, वाचकांचा विश्वास, पत्रकारितेची परंपरा, काही म्हणून सोडलं नाही! शुद्ध मराठीत.

दोन मिनिटांत उत्तर आलं. तेही मराठीत.

"आपल्या प्रेमाबद्दल धन्यवाद!"

* * *

आता साळवे गुरुजींच्या एका खोडीबद्दल सांगायला हवं. पूर्वी ते बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. सोबत परसातल्या भाजीची पिशवी. आणि बातमीच्या शेवटी, त्याच कागदावर, माझ्यासाठी 'ता. क.' लिहायचे. चष्मा राहिलाय, नातीचं बारसं आहे, असलं काही. ते कापणं हे माझं पहिलं काम.

एकदा मी रजेवर होतो. साखर कारखान्याच्या निवडणूक निकालाची बातमी जशीच्या तशी छापून आली. शेवटी, "ता. क. मेथी धुऊन घ्यावी, माती फार आहे."

सकाळी सातला नव्या चेअरमनचा फोन. "भाऊसाहेब, सरळ सांगा. ही माती कोण?"

तरी गुरुजींची खोड गेली नाही. पाकीट जाऊन मोबाईल आला, तरी 'ता. क.' कायम! या महिन्यात तर जावईबापूंनी वार्ताहरांना वेबसाइटवर थेट बातमी टाकायची सोय करून दिली होती. म्हणजे माझी कात्री पोहोचायच्या आतच बातमी जगासमोर! गुरुजींना मी दहादा बजावलं. ते म्हणायचे, "व्हय व्हय, आता न्हाई लिहीत." आणि लिहायचे.

* * *

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. आबासाहेबांनी सकाळी नऊला गुरुजींना फोन केला, "जरा येऊन जा." कशासाठी, ते मला ठाऊक होतं. गुरुजींनाही कळलं असावं. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ते तासाभरात हजर झाले. पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, चपलांना चिखल. कोपऱ्यातल्या खुर्चीवर अवघडून बसले. ओळखपत्र खिशातून काढून हातातच धरलं होतं, परत द्यायला सोपं जावं म्हणून!

जावईबापूंनी मोठा स्क्रीन लावला. सगळ्यात वर फीडमधली ताजी बातमी झळकत होती, मुंबईच्या एका पोर्टलची. "मुळा धरणाचे दरवाजे उघडले. आमच्या विशेष प्रतिनिधीकडून."

"बघा!" आबासाहेबांनी टेबलावर थाप मारली. "मुंबईचा माणूस पहाटे मुळा धरणावर पोहोचतो! आणि धरणापाशी राहणारे आमचे गुरुजी? ते आत्ता इथं बसलेत!"

गुरुजींनी चिखलाच्या चपला खुर्चीखाली सरकवल्या.

जावईबापू कौतुकाने मोठ्यांदा वाचायला लागले. "'पहाटे पाच वाजता पहिला भोंगा झाला. नदीकाठच्या शेतकऱ्यांची पाण्याच्या मोटारी काढण्याची धांदल उडाली. बाळू तागडच्या दोन मोटारी वाचल्या, तिसरी नदीने नेली. ती तिसरीच नवी होती.' वा! याला म्हणतात डिटेलिंग! एसी ऑफिसात बसून असं लिहिता येत नाही. त्याला पाण्यात उतरावं लागतं!"

मी गुरुजींच्या पँटकडे पाहिलं. आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"पूर्ण वाचा, जावईबापू," मी म्हणालो. "शेवटपर्यंत."

"'पाण्याची आवक पाहून विसर्ग वाढवला जाईल, असे सांगण्यात आले.' आणि शेवटी..." जावईबापू थबकले. आवाज उतरला. "'ता. क. भाऊसाहेब, वांग्याची पिशवी सकाळच्या गाडीने कंडक्टरकडे दिली आहे...'"

पुढचं न वाचताच त्यांनी खाली 'तालुक्यातून' उघडलं. तीच बातमी, गुरुजींच्या नावाने, मुंबईच्या आधी टाकलेली.

तेवढ्यात आमचे शिपाई भोसलेमामा दार ढकलून आत आले. हातात कापडी पिशवी.

"साहेब, राहुरीची गाडी आत्ता लागली. कंडक्टरनं ही दिली. वांगी हायेत. कुनाला द्यायची?"

शेवटी आबासाहेबच उठले. मालक माणूस, काहीतरी करणं भागच होतं! त्यांनी पिशवी घेतली, टेबलावर ठेवली आणि आत काय आहे ते बघायला मनगटापर्यंत हात घातला.

"आई गं!"

बोट तोंडात घालून ते मटकन खुर्चीत बसले.

साळवे गुरुजींनी ओळखपत्र हळूच पुन्हा खिशात घातलं. म्हणाले, "जावईबापू, शेवटची ओळ वाचायची राहिली तुमची."

जावईबापूंनी स्क्रीनकडे पाहिलं आणि पडेल आवाजात वाचलं,

"'देठाला काटे फार आहेत. बघूनच हात घालावा.'"