पांढरी चारची सनई

अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत नईमचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. घराची पुढची खोली ती. एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड, एक माईक, आणि आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना ठोकलेल्या चादरी. त्यासुद्धा नक्षी बिघडलेल्या, कारखान्यानं बाजूला काढलेल्या. एका भिंतीवरच्या मोरांना तर मानाच नाहीत. बाहेर दिवसभर मागांचा खडखडाट, म्हणून कुणाचा आवाज घ्यायचा तर कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस धरावा लागतो. पण गडी वाजवायला हुशार. यात्रेची गाणी, लग्नाची गाणी, निवडणुकीची गाणी, सगळं त्याच्याकडे होतं, आणि पार करमाळ्याकडची माणसं त्याचं नाव विचारत गल्लीत येतात.

त्याचे वडील चांदसाब एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. नईमचा हात तयार झाला तो त्याच बँडच्या गाड्यावर, वरातीत कीबोर्ड वाजवून. वरातीत सूर चुकला तर चुकला, पुढं चालायचं. नवरदेवाचा घोडा काही कुणी परत मागं नेत नाही. त्यामुळं एकदा वाजवायचं आणि विषय संपवायचा, ही सवय त्याच्या बोटांत मुरली ती मुरलीच.

आता कॉम्प्युटरमध्ये सनई, सारंगी, ढोल अशी सगळी वाद्यं सॉफ्टवेअरच्या रूपात मिळतात. ती वाजवून साठवायच्या दोन रीती. एक मिडी. तिच्यात आवाज साठवलाच जात नाही; कुठला सूर कधी दाबला, किती जोरात, किती वेळ, एवढीच नोंद राहते. नंतर मनात येईल तसं बदला, सनईच्या जागी बासरी घाला, अख्खं गाणं वरच्या पट्टीत न्या. दुसरी रीत म्हणजे वाद्यातून जो आवाज निघाला तोच थेट ऑडिओ म्हणून धरायचा. नईम गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, की मिडी म्हणजे मळलेलं पीठ, ऑडिओ म्हणजे भाजलेली भाकरी. आणि आपण बाबा गरम भाकरीवाले.

यामागचं कारणही तो मोठं भारदस्त सांगायचा. उजव्या हातानं सूर वाजवताना डाव्या हातानं तो एक गोल बटण फिरवत राहायचा, त्यानं सनईचा श्वास कमीजास्त व्हायचा, आणि तो जीव म्हणे नोंदीत नीट उतरत नाही. शिवाय त्याचा कॉम्प्युटर जुना. सनई चालू ठेवून आणखी दोन वाद्यं उघडली की आतला पंखा घरघरायचा आणि पडदा जागच्या जागी थिजायचा. ही कारणं खोटी नव्हती. पण अहो, ऑडिओ घेताना शेजारी मिडीची नोंदही ठेवता येते, एक बटण दाबायचं काम. ते तो दाबायचा नाही. आपल्या वाजवण्यात मागाहून दुरुस्ती लागेल हेच त्याला पटायचं नाही. एवढा ताठा.

मोहोळच्या पुढं एक धनगरवस्ती आहे. तिथल्या तानाबाईचं गाणं करायचं म्हणून तिची नात प्रियंका त्याच्याकडे आली. वस्तीवर बिरुदेवाची यात्रा भरते. तिथं देवापुढं ओवी उचलायचा, म्हणजे पहिला सूर लावायचा, मान तानाबाईच्या नवऱ्याचा. तो गेल्यावर कुणी पुढं होईना, तेव्हा तानाबाईनं कानावर हात ठेवून ओवी उचलली. बाईमाणसानं उचलली म्हणून चार तोंडं वाकडी झाली, पण पुढं सगळ्यांना सवय झाली, आणि आता तिच्याशिवाय यात्रा कुणाला गोड लागेना. प्रियंका मोहोळला कॉलेजात शिकते. तिला वाटलं, आजीचा आवाज जन्मभरासाठी धरून ठेवावा आणि यंदाच्या यात्रेत वाजवावा. तिनं आजीची ओवी मोबाईलवर रेकॉर्ड करून नईमला पाठवली होती.

नईमनं ती ऐकली, पट्टी काढली, पेटीवरची पांढरी चार, आणि त्या पट्टीत सनई वाजवून ठेवली. त्या दुपारी त्याचा हात असा काही लागला होता की आत भाकरी थापणारी त्याची बायको शबाना दारात येऊन उभी राहिली. त्यानं सनई भाजली, ढोल भाजला, खालची सुरावट भाजली. मिडी ठेवली नाही. मोबाईलवरची ओवी आजीनं पाळण्यात नातू झोपला होता म्हणून दबक्या आवाजात म्हटली होती, हे त्याला माहीत नव्हतं आणि त्यानं विचारलंही नाही.

सुट्टीच्या दिवशी तानाबाई आली. बरोबर तिचा मुलगा येडू आणि प्रियंका. म्हातारीनं नवं लुगडं नेसलं होतं, पायात नव्या चपला. चादरींच्या भिंती बघून तिला घोंगड्यांचं पाल आठवलं, म्हणाली, हितं बरं वाटतंय की. कानाला हेडफोन लावला, सनई सुरू झाली. तिनं विचारलं, आधी हे कसं वाजतंय? आमच्यात ओवी उचलणारा आधी उचलतो, त्याच्या गळ्यातनं येईल तितनं, आणि ढोल त्याच्या मागनं येतो. नईम हसून म्हणाला, मावशी, इथं उलटं असतं.

मग तिनं गायला सुरुवात केली. दोन ओळी कशाबशा खाली ओढून धरल्या. शब्द घशातच राहिले. तिसऱ्या ओळीला तिला देव आठवला असावा. हात आपोआप कानाकडे गेला आणि आवाज सरळ वर, काळी पाचला जाऊन उभा राहिला. काय आवाज होता! पण खाली सनई पांढरी चारची, वर ही काळी पाचला. सगळा विचका.

नईमला कळलं. पहिल्या झटक्यात कळलं की पट्टी आपली चुकली. तानाबाईला चहा देऊन त्यानं सगळा ऑडिओ ओढून वर चढवून पाहिला. सनई चिलटासारखी भुणभुणायला लागली, ढोल पत्र्याच्या डब्यासारखा. मिडी असती तर निमिषाचं काम होतं. आता सगळं पुन्हा वाजवायचं, आणि तो हात तसा पुन्हा लागेल याची खात्री कुणी द्यावी? बाहेर बाकावर निवडणुकीच्या प्रचाराचं गाणं करून घ्यायला आलेली मंडळी घड्याळ बघत बसली होती. येडू विचारायला लागला, काय अडचण झाली का?

एवढंच म्हणायचं होतं, की माझी चूक झाली, पुढच्या सुट्टीला या. जीभ उचलली नाही. मोहोळवरून नाव विचारत आलेल्या माणसापुढं चूक कबूल करायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "मावशी, तुमचा आवाज सुरात बसत नाही. वय झालं की होतं असं."

तानाबाईनं हेडफोन काढून हळूच टेबलावर ठेवला, फुटेल म्हणून ठेवतात तसा. म्हणाली, "व्हय बाबा. आसंल." प्रियंका काहीतरी बोलणार होती, पण यात्रा तोंडावर आलेली. येडूच म्हणाला, मग दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्या. नईमनं ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या महानंदाला बोलावलं. तिचा आवाज खालचा, पांढरी चारला गुळगुळीत बसला.

सगळे गेल्यावर शबाना कप उचलताना म्हणाली, "बुड्ढी तो अच्छा गा रही थी." नईमनं ऐकू न आल्यासारखं केलं.

गाणं गाजलं, हे तर आणखी वाईट. यात्रेत वाजलं, तिथून ट्रॅक्टरवर चढलं, मोबाईलमध्ये गेलं. लोक फोन करून सांगायचे, नईमभाई, सनई काय वाजवलीय. आधी आधी त्याला बरं वाटायचं. मग फोन ठेवल्यावर तोंडात कडू चव राहायला लागली. महानंदाच्या आवाजामागं त्याला दुसराच आवाज ऐकू यायचा, काळी पाचला उभा राहिलेला. फोन उचलून खरं सांगावं, असं कितीदा तरी मनात आलं. प्रियंकाचा नंबर मोबाईलमध्ये होता. आज नको, उद्या, करत त्यानं दिवस ढकलले. आता काय उपयोग, असंही स्वतःला समजावलं. माणूस स्वतःची समजूत फार प्रेमानं काढतो.

ऐन उन्हाळ्यात येडू आला. गाण्याचा पेन ड्राइव्ह हरवला होता, दुसरी कॉपी पाहिजे होती. नईमनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आई बरी आहे ना? येडू भोळा माणूस. त्यानं मोकळेपणी सांगितलं, की आई आता गात नाही. यात्रेत ओवी उचलायला बोलावलं तर मान हलवून बाजूला बसली, तिच्या ओवीच्या जागी स्पीकरवरचं गाणंच वाजलं. आणि त्या दिवसापासून पायात काही घालत नाही. बाईमाणसानं ओवी उचलली ते देवाला खपलं नाही, म्हणून त्यानं आवाज काढून घेतला, असं तिनं मनाशी धरलंय. देवाची माफी मागायला अनवाणी फिरते. तळपाय फाटलेत, पण ऐकत नाही.

नईमनं कॉपी करून पेन ड्राइव्ह त्याच्या हातात दिला. सोलापूरचं ऊन काय असतं ते कुणी त्याला सांगायची गरज नव्हती. गल्लीतला डांबराचा रस्ता दुपारी चपलेला चिकटतो. येडू गेला तरी तो तसाच खुर्चीवर बसून राहिला. आतून शबानानं सगळं ऐकलं होतं. त्याच्या गाडीची किल्ली आणून तिनं कीबोर्डवर ठेवली.

वस्तीवर पोचला तेव्हा तानाबाई गोठ्यापुढं शेरडांना पाला टाकत होती. नईमनं आधी तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टाचांना अशा भेगा की बोट जाईल. ती मात्र त्याला बघून खूश झाली. कडुनिंबाखाली घोंगडं टाकलं, प्रियंकाला पाणी आणायला सांगितलं, गाण्याचं कौतुक करायला लागली. सनई लई ग्वाड वाजवलीस, म्हणाली.

नईम घोंगड्यावर बसलाच नाही. उभ्या उभ्याच बोलला. "मावशी, तुमचा आवाज चुकला नव्हता. मी सनई खालच्या पट्टीत वाजवून ठेवली होती. ती वर घेता येत नव्हती. परत वाजवायचा कंटाळा केला, आणि चूक तुमच्यावर ढकलली."

तानाबाई पाला हातात धरून उभी राहिली. तिला सगळं कळलं नाही, पण पाहिजे तेवढं कळलं. "म्हंजी देवानं न्हाई काडून घेतला?"

"नाही मावशी. मी घेतला."

ती रागवेल, शिव्या देईल, निदान तोंड फिरवेल, अशी तयारी करून तो आला होता. शिव्या खाल्ल्या असत्या तर त्याला बरंच वाटलं असतं. पण म्हातारीचा चेहरा एकदम सैल पडला. तिनं पाला खाली टाकला, पदरानं डोळे पुसले आणि देवळाच्या दिशेनं हात जोडले. देव रुसला नव्हता, एवढंच तिला पाहिजे होतं. कुणाची चूक, कुणाचा ताठा, त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "प्रियंका," ती म्हणाली, "माजी पायताणं काड गं."

पत्र्याखाली खोचून ठेवलेल्या चपला प्रियंकानं काढल्या, धूळ झटकली. फुगलेल्या पावलांत त्या जाईनात. तानाबाईनं दात आवळून एक चढवली, मग दुसरी, आणि अंगणात इकडून तिकडे चालून पाहिलं. मग नईमला म्हणाली, एवढ्या उन्हात तू हे सांगायला आलास, आता जेवल्याबगर जायाचं न्हाई. ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, दही. तिनं स्वतः वाढलं. नईमचा एक घास होईपर्यंत ती समोर बसून आणखी वाढत होती. लाजेनं त्यानं एकदाही मान वर केली नाही.

प्रियंका त्याला गाडीपर्यंत सोडायला आली. गाडीला किल्ली लावताना नईम म्हणाला, आता गाणं पुन्हा करू, आजी आधी उचलेल, मी मागनं वाजवीन.

"करा की," प्रियंका म्हणाली. "पण देवापुढं आजी वर्षातनं एकदाच उचलते. यंदाची गेली. पुढच्या वर्षी ती असेल का, तुम्ही सांगा. नईमभाई, माझा नंबर होता की तुमच्याकडं."

मान हलवून त्यानं गाडी सुरू केली. मोहोळच्या चौकात एक ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्यावर तेच गाणं लागलं होतं. सुरुवातीला कुठंही ती सनई कानावर पडली की नईम गाडी हळू करायचा. आज ट्रॅक्टरवाल्यानं त्याला ओळखून हात केला. नईमनं तोंडावर रुमाल ओढून घेतला आणि गाडी पुढं काढली.