बर्वे साहेबांची धमनी

पिंपरीची ती औषध कंपनी सोडून आम्हाला वर्षं झाली, पण संशोधन विभागातले जुने लोक भेटले की गप्पा बर्वे साहेबांवरच येतात. किस्से आम्ही जमवले नाहीत, साहेबच रोज एक देत होते.

*

साहेबांचा विषय धमनीची भिंत. तिच्यातले लवचीक धागे कुरतडणारं एन्झाइम ते मोजत. त्यासाठी रोज बोकडाची ताजी धमनी लागायची. ती खाटकाकडून आणायचे आमचे लॅब अटेंडंट सोपानराव, मूळचे चिंचवडगावचे. एकदा वॉचमननं अडवलं, कंपनीत मटण आणायला बंदी! साहेबांनी पास लिहून दिला, 'सदर वस्तू खाण्यायोग्य नाही.'

दुसऱ्या दिवशी वॉचमननं सोपानरावांच्या जेवणाच्या डब्यालाही तोच पास मागितला.

*

"हे एन्झाइम एवढं वंगाळ हाय, तर शरीर ते बनवतंच कशाला?" सोपानरावांनी एकदा विचारलं.

"जुनं तोडल्याशिवाय नवं बांधता येत नाही," साहेब म्हणाले. "पण तोडणंच वाढलं की भिंत सैल पडते, फुगते आणि एक दिवस फुटते."

"आमच्या आळीच्या रस्त्यावानी म्हना की. खनत्यात रोज, बुजवायला कोन येत न्हाई."

पुढच्या सेमिनारात साहेबांनी हेच उदाहरण दिलं, अर्थात स्वतःचं म्हणून.

*

मुंबईहून डायरेक्टर आले. साहेबांनी तासभर समजावलं, एन्झाइम घातल्यावर धमनी कशी फुगते तेही दाखवलं.

"म्हणजे आपण इथे रोग तयार करतो?" डायरेक्टरांनी विचारलं.

"सर, औषधाच्या कंपनीला सुरुवात कुठून तरी करावीच लागते."

त्या वर्षी साहेबांचं प्रमोशन हुकलं.

*

जेवणानंतर साहेब टेबलावर आडवे होत, पोटावर फाइल ठेवून. ती फाइल ठेक्यात उडायची. आम्ही पदवीधर मंडळी महिनोन्महिने ते पाहून हसत होतो. धमनीच्या फुगवट्यावर काम करणारे आम्ही! आजही त्याची लाज वाटते.

"सायेब, फाइल उडतीया. हे बरं न्हाई," सोपानराव म्हणाले.

"गॅस आहे," साहेबांनी निदान केलं आणि सोडा घेतला.

सोपानराव संध्याकाळी थेट साहेबांच्या घरी, वहिनींकडे गेले. वहिनींनी साहेबांना ओढतच डॉक्टरांकडे नेलं. पोटातली मुख्य धमनी फुगली होती, कधीही फुटली असती.

*

मुंबईला ऑपरेशन झालं. भूल देण्याआधी साहेबांनी सर्जनला बजावलं होतं, कापलेला तुकडा फेकायचा नाही, बर्फात घालून आमच्या लॅबला पाठवायचा. आला. मीच तो तपासला. कुठल्याही बोकडात सापडलं नव्हतं इतकं एन्झाइम त्यात निघालं.

दोन महिन्यांनी साहेब कामावर आले. बारीक झाले होते, पण ताठ. आकडा मी मुद्दाम सोपानरावांच्या देखत पुढे केला. वाटलं, आता तरी त्यांचे आभार मानतील.

साहेबांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला.

"एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही."

"मंग दुसरा कुठनं आनायचा, सायेब?" सोपानरावांनी विचारलं.