दोन बायांचा कोयता

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. तो तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधते, मग दोघं मिळून ट्रॉली भरतात. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. माझा नवरा आजारानं गेला तेव्हा मी दहावी पास, दोन लेकरांची आई, अंगापिंडानं धडधाकट होते. पण मुकादमाच्या हिशेबी मी एका दिवसात अर्धी झाले.

शेजारच्या घरातली माझी मैत्रीणही अर्धीच. तिचा नवरा दुसरीला घेऊन कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिनं शोधलंही नाही. अर्ध्या कोयत्याला दुसऱ्या जोडीच्या मागं लावतात. दिवसभर त्यांच्यासोबत राबायचं, संध्याकाळी त्यांचीच भांडी घासायची. एक हंगाम दोघींनी तसा काढला. पुढच्या दसऱ्याआधी ती म्हणाली, "दोन अर्ध्याचा एक होते का न्हाई? शाळेत तू गेली व्हतीस, तूच सांग."

मुकादम आधी पोट धरून हसला. माणसं कमी पडत होती म्हणून शेवटी तयार झाला, पण वहीत नाव लिहिलं तिच्या पळालेल्या नवऱ्याचं. म्हणाला, "कोयता पुरुषाच्याच नावानं असतो, बाई. रीत हाय ती." आम्ही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

लेकरं माझ्या आईकडे ठेवली आणि टोळीसोबत निघालो. कनेरगाव नाक्यावर गाडी थांबली. ढाब्यापुढे सात-आठ बाजा रिकाम्या होत्या, पण मालकानं पिशवीत भाजी बांधून हातात दिली आणि म्हणाला, तिकडं गाडीपाशी जेवा, इथं गिऱ्हाईक बसतं. पैसे आम्हीही दिले होते. चाकाला टेकून उभ्यानं जेवताना ती त्या बाजांकडे बघत होती. घास गिळून म्हणाली, "आपण इथंच खानावळ टाकू. पिठलं, भाकर, ठेचा. टोळी आली की आधी बाजंवर बसवायची."

"अन् हा ढाबेवाला आला तर?"

"त्यालाबी जेवू घालू. उभ्यानं."

त्या दिवसापासून आमची खानावळ बोलण्याबोलण्यात रोज थोडी थोडी उभी राहू लागली. एका संध्याकाळी पत्रे चढले, दुसऱ्या दिवशी बायांसाठी आडोशाची मोरी झाली. चहा ठेवायचा की नाही यावर मात्र आमचं खरंखुरं भांडण झालं. ती म्हणे चहा पिणारे बसून राहतात, जेवणाऱ्याला जागा उरत नाही. मी म्हणे चहाशिवाय नाक्यावर कुत्रंही थांबणार नाही. यावरून दोन दिवस आम्ही एकमेकींशी बोललो नाही. जवळ दमडी नव्हती आणि आम्ही चहावरून अबोला धरला होता.

फड डोंगरकडा गावाच्या बाजूला होता. जिल्हा आमचाच, पण पाचटाच्या कोपीत राहणाऱ्याला गावातले लोक 'बाहेरचे' म्हणतात. पहिल्या सकाळी मुकादम फडाच्या कडेला उभा राहून हाजरी घेऊ लागला. पुरुषाचं नाव पुकारायचं, ती जोडी उठायची आणि त्यानं दाखवलेल्या उसाला लागायची. त्यानं तिच्या नवऱ्याचं नाव पुकारलं. ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा पुकारलं. सगळे वळून बघायला लागले.

"त्यो इथं न्हाई," ती बसल्या बसल्याच म्हणाली. "त्याला हाक मारून राहिलात तर त्यो येईल तवा तोडंल."

मी तिच्याशेजारी बसूनच राहिले. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. मुकादम चिडला. म्हणाला, "जोडीच्या बराबर चार ट्रॉल्या भरून दावा. मग तुमची नावं घेईन. न्हाई जमलं तर दोघी दोन जोडीमागं अर्ध्या." आणि त्यानं आम्हाला नेमका आडवा पडलेला, गुंतलेला ऊस दिला.

पहिली ट्रॉली आम्ही बरोबरीनं भरली. दुसरीच्या वेळी चूक झाली आणि ती माझी होती. ट्रॉलीचा पैसा टोळीत वाटून येतो, म्हणून आम्ही कमी पडतो का यावर सगळ्यांचा डोळा होता. मी गड्यांच्या मोळीहून मोठी मोळी बांधली. ती म्हणाली, "येवढी कशाला, माय? दोन खेपा करू." मी म्हटलं, "पाहून राहिले सगळे. पाहू दे." तिनं ती डोक्यावर घेतली आणि ट्रॉलीला लावलेल्या फळीवर चढली. अर्ध्यावर फळी हलली आणि ती मोळीसकट खाली आली. पायाचं हाड चिरलं. दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि पाय टेकवायचा नाही म्हणून सांगितलं.

मुकादम कोपीशी आला. "हिला गावाकडं धाडा. तू उद्यापासून अर्धी." खरं सांगते, क्षणभर मला वाटलं, होऊन जावं अर्धी, सुटेन तरी. ती वाकळ गुंडाळायला लागली होती. म्हणाली, "राह्य तू. खानावळीसाठी एकीनं तरी कमवावं लागंल ना."

मला मुकादमाहून जास्त राग तिचाच आला. "गप बस," मी म्हटलं. "चहा ठेवायचा का न्हाई ते अजून ठरलं न्हाई." आणि मुकादमाला सांगितलं, "आमी अर्ध्या होत न्हाई. तीन ट्रॉल्या राहिल्यात, त्या भरू."

दुसऱ्या दिवसापासून मी तोडायची आणि ती बारदान्यावर बसून, सरकत सरकत, पाचट काढून मोळ्या बांधायची. लहान मोळ्या. मी दुप्पट खेपा घालायची. लेकरांच्या मोळ्या म्हणून गडी हसले. हसू दिलं. रोज बारदान्यावर बसताना ती प्लास्टर केलेला पाय हातांनी उचलून ठेवायची, ते बघून मला स्वतःची लाज वाटायची. मी माफी मागितली तर म्हणाली, "मोळी मीच उचलली ना? मलाबी मस्ती आली व्हती."

चौथ्या ट्रॉलीला मी फळीवर पाय ठेवला तर फळी हलेना. शेजारच्या कोयत्यातली म्हातारी खालच्या टोकावर उभी होती. मुकादम बघत होता. ती त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "परतेकाची फळी कुणी ना कुणी धरतंय. यांचीच काहून न्हाई धरली?" शेवटची मोळी चढेपर्यंत ती तिथून हलली नाही.

त्याला आता तीन हंगाम झाले. खानावळ झालेली नाही. नाक्यावरची जागा आमच्या आवाक्याबाहेर गेली आणि तिचा पाय थंडीत अजून ठणकतो. एक बाज मात्र आम्ही घेतली आहे. ती दारात टाकलेली असते आणि टोळीतलं कुणीही आलं तरी त्याला आधी तिच्यावर बसवतो. चहाचं भांडण चालूच आहे. कुणी याला वेडेपणा म्हणालं तर म्हणो, मी त्या दोघींमधली एक आहे आणि मला चौथी ट्रॉली भरली त्याच्या दुसऱ्या सकाळची हाजरी आठवते.

मुकादमानं सगळ्या पुरुषांची नावं घेतली. जोड्या उठून गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली, घसा साफ केला आणि आमची दोघींची नावं घेतली. आधी तिचं, मग माझं. तिला उठायची काही गरज नव्हती, तिचं काम बसूनच होतं. तरी तिनं माझा खांदा धरला, प्लास्टरचा पाय अधांतरी ठेवून एका पायावर ताठ उभी राहिली, आणि आख्ख्या फडाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हाजर."