पाटा, तंबू आणि जागेवाला

किस्से नारळाच्या सोडणांसारखे असतात. नारळ सोलावा, सोडण घरामागे फेकावं, आणि एक दिवस बघावं तर न्हाणीघराएवढा ढीग! मुद्दाम कोणी साठवत नाही. पण पाणी तापवायला बसलं की एकेक हाताशी येतं आणि भकाभक पेटतं.

आमच्या महिला मंडळाच्या कॅम्पला चार वर्षं झाली. कोकण रेल्वे तेव्हा भाषणात धावायची, अजून भाषणातच धावते. पण आमचे किस्से रत्नागिरीभर पोचले. पोचता पोचता लोकांनी त्यात वाघसुद्धा घातला. वाघबीघ काही नव्हता! म्हणून म्हटलं, खरं काय ते मीच लिहिते. चौथी शिकले आहे, तेवढं येतं. शुद्धलेखन कोणी काढायचं नाही.

*

कॅम्पची टूम विनयाबाईंची. त्या शाळेत मास्तरीण, नवीन बदलून आलेल्या, देशावरच्या. गळ्यात कायम शिट्टी. एका शुक्रवारी मंडळात म्हणाल्या, "शाळेचे तंबू पडून आहेत. घाटाच्या पायथ्याला जंगलात तळं आहे, तिथे जंगलखात्याचं कॅम्पिंग ग्राउंड आहे. तीन रात्री, चार दिवस. कोण कोण येणार?"

अकरा हात वर झाले. घरी गेल्यावर त्यातले नऊ खाली आले! मी एकेकीच्या घरी जाऊन ते पुन्हा वर केले.

माझ्या घरी आमचे हे पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "दोन दिवसांत रडत परत याल."

"नाही आलो तर?"

"तर तू म्हणशील ते. पण चार दिवस पुरे व्हायच्या आत घरी आलात ना, तर मंडळ बंद. पुन्हा शुक्रवारचं नाव काढायचं नाही."

वाडीतल्या सगळ्या पुरुषांनी माना डोलावल्या. आता शुक्रवारचे ते दोन तास म्हणजे आमच्या आठवड्यातले आमचे असे तेवढेच. बाकी सगळे चुलीचे. मी म्हटलं, "कबूल!"

*

बाईंनी कागदावर छापून दिलं होतं: सामान कमीत कमी, एक पिशवी.

ताराकाकी एसटी स्टँडवर आली ती डोक्यावर पाटा-वरवंटा घेऊन! काकी साठीची, नऊवारी लुगडं, आवाज असा की भाट्याच्या खाडीपलीकडची होडी वळावी.

"काकी, हे काय गो?"

"मग वाटप कशावर वाटू? तुझ्या टाळक्यावर?"

कंडक्टर म्हणाला, "आजी, एवढ्या ओझ्याला तिकीट पडेल."

"ओझं कोणाला म्हणतोस मेल्या? माझ्या लग्नातला पाटा आहे. तुझ्यापेक्षा वयानं मोठा! काढते तिकीट. पण तिकीट काढलं की सीट द्यायची."

तिनं तिकीट काढलं. पाटा खिडकीजवळच्या सीटवर ठेवला. गाडी भरली, माणसं उभी राहिली, काकीसुद्धा उभी राहिली. हातखंब्यापर्यंत पाटा बसून गेला! कंडक्टर एकदा फक्त हळूच म्हणाला, "आजोबांना जरा सरकायला सांगा."

*

कॅम्पिंग ग्राउंड म्हणजे एक गंजकी पाटी, एक हातपंप आणि दोन सिमेंटची बाकडी. पण तळं बघाल तर! चारी बाजूंनी झाडी, मागे सह्याद्रीची भिंत, आणि पाणी असं गप्प की बोलायची लाज वाटावी. आम्ही काही लाजलो नाही.

बाईंनी शिट्टी मारली. "आधी तंबू!"

"आधी जागेवाला," काकी म्हणाली. "लोकाच्या घरात न विचारता खाट टाकतेस काय गो?"

गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठलंही काम काढलं की त्या जागेच्या राखणदाराला, म्हणजे जागेवाल्याला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. एकानं मोठ्यानं मागणं मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून दर वाक्याला "होय महाराजा" म्हणायचं. गावात हे काम पुरुषाचं. इथे पुरुष कुठून आणायचा? नारळ मीच हातात घेतला. जन्मभर ऐकलेलं, जिभेवर आपोआप आलं.

बाईंना ह्यातलं काही माहीत नाही. पहिल्या वाक्याला त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "हजर!"

माझी शेजारीण कुलसुम, नवरा बोटीवर कामाला, हळूच म्हणाली, "मी आमीन म्हणते हां. तुमचा जागेवाला समजून घेईल."

काकीनं बाईंना समजावलं. "हे बघ, आमच्याकडच्या माणसाला झोपेत जरी गाऱ्हाणं ऐकू आलं ना, तरी तो 'होय महाराजा' म्हणतोच. तोंडाला सवय आहे ती. पण एकदा जागेवाल्यासमोर होय म्हटलं की म्हटलं. परत फिरला तर पाय मोडलाच समज!"

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

*

तंबूच्या खुंट्या काही जमिनीत जाईनात. खाली कातळ! वर चार बोटं माती, तीसुद्धा लाजेकाजेस्तव. बाईंनी तीन खुंट्या वाकवल्या, एक अंगठा सुजवला. दुपारी वारा सुटला तसे सगळे तंबू धोतरासारखे उडाले.

काकीचा तंबू मात्र जागच्या जागी. एक दोरी पाट्याला, एक वरवंट्याला!

"आता म्हणा, सामान कमीत कमी," काकी म्हणाली.

बाईंनी आपली वळकटी काकीच्या तंबूत आणली. एकच अडचण होती. रोज सकाळी वाटप वाटायला काकी पाटा सोडायची, आणि तंबू बाईंवर बसायचा! आतून शिट्टी वाजायची. आम्हाला कळायचं, आमटी होत आली.

*

दुसऱ्या दिवशी पक्षिनिरीक्षण. बाई म्हणाल्या, "एका ओळीत चालायचं. कोणी बोलायचं नाही. पक्षी दिसला की फक्त बोट दाखवायचं."

अकरा बाया, आणि बोलायचं नाही! पण आम्ही पाळलं. हातपंपापासून पहिल्या वळणापर्यंत पाळलं.

वळणावर शिकेकाई दिसली. मग काय! पुढे रिठे. त्याच्यापुढे वाळलेल्या फांद्या, चुलीजोग्या. दोन तासांनी परत आलो तेव्हा प्रत्येकीची ओटी भरलेली आणि डोक्यावर सरपणाचा भारा. बाईंच्या वहीत तारीख होती, 'पाहिलेले पक्षी' असं होतं, आणि खाली कोरा कागद.

कुलसुमला कीव आली. म्हणाली, "बाई, कावळा लिहा की. मी आत्ता बघितला."

*

त्याच कुलसुमनं तळ्यात पदर धरून बोटभर मासे पकडले. जन्म सगळा खाडीकाठी गेलेला. तिनं मीठ-मसाला लावून तळले, एक तोंडात टाकला, आणि वळून तळ्याकडे बघितलं.

"काय गो, कसा आहे?"

"बिचाऱ्यानं जन्मात मीठ पाहिलं नाही," ती म्हणाली. "त्याला काय बोलायचं!"

तरी ताट पुसून खाल्लं.

*

आम्ही धुणं धूत होतो तेव्हा मोटारसायकलवरून दोन गॉगलवाले आले. चांगले तिशीचे घोडे. गाडी स्टँडवर लावली आणि बांधावर बसून बायका बघायला लागले.

बाई घाबरल्या, शिट्टी तोंडात धरून वाजवायला विसरल्या. मी ओल्या हातानं तशीच वर गेले.

"काय बघताय?"

"काही नाही. निसर्ग."

"निसर्ग तिकडे. इकडे भांडी आहेत. चला!"

काय झालं त्यांना कोण जाणे, उठले! दोघांनी मिळून सतरा भांडी घासली. राख कमी पडली तर स्वतः जाऊन आणली. एकाचा गॉगल पातेल्यात पडला, तोही घासून निघाला. जाताना काकीनं पातेलं उन्हात धरून बघितलं.

"बुडाला काळं राहिलंय. उद्या या."

परत दिसले नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांचं अवसान गळलं. एकीला म्हशीची आठवण, एकीला पोराच्या खोकल्याची. काकी म्हणाली, "मी दुपारच्या गाडीनं जाते. माझ्यानं राहवत नाही." ती गेली असती तर मागोमाग सगळ्या गेल्या असत्या, आणि शुक्रवार संपले असते. खरं सांगते, माझाही पाय निघाला होता. आमच्या ह्यांना साखरेचा डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही.

जेवणं झाली. काकी बाकड्यावर जाऊन बसली, हात मांडीवर पालथे. अर्धा तास तशीच. मी विचारलं, "गाडीची वेळ झाली, निघतेस ना?"

"थांब गो," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर कोणी हाक मारली नाही, असं लग्नानंतर आज पहिल्यांदा झालंय. जरा बसू दे."

कोणी गेलं नाही.

*

आणि तेवढ्यात धुरळा उडवत टेम्पो आला! त्यातून आमचे हे, ताराकाकीचे यजमान म्हणजे आमचे काका, आणि वाडीतले आणखी चौघे.

"चला, बसा टेम्पोत!" हे म्हणाले. "रेडिओवर वादळ सांगितलंय."

वर आभाळात ढग नाही. ह्यांच्या शर्टाची बटणं एक घर चुकलेली आणि बोटाला फडकं.

"जेवलात का?" मी विचारलं.

"म्हणजे काय! मस्त चाललंय आमचं."

काकांना ऐकू कमी येतं. ते काकीला ओरडून सांगत होते, "तीन दिवस चहा नि बटर!"

हे घाईनं म्हणाले, "चला लवकर. चार दिवस काही झाले नाहीत तुमचे. हरलात!" आणि ह्यांनी बाईंची वळकटी टेम्पोत टाकलीसुद्धा. एकदोघी पिशव्या भरायला लागल्या. घरचा माणूस समोर उभा राहिला की आपोआप पाय चालायला लागतात, त्याचंच तर दुःख आहे.

मी पिशवीतून उरलेला नारळ काढला.

"निघायचं तर जागेवाल्याला सांगून निघू. न विचारता निघालो तर टेम्पो हातखंबा बघणार नाही."

"बरोबर, बरोबर," सगळे पुरुष म्हणाले. चपला काढल्या, टोप्या काढल्या, हात जोडले, डोळे मिटले.

मी सुरू केलं. "बा देवा महाराजा, ह्या जागेच्या राखणदारा!"

"होय महाराजा!"

"ही तुझी लेकरं टेम्पो करून एवढ्या लांब आली."

"होय महाराजा!"

"तीन दिवस घरात चूल पेटली नाही, उपाशीतापाशी आली."

"होय महाराजा!" ह्या वेळी फारच मनापासून.

"तर तुझ्या साक्षीनं ही लेकरं आता सुखानं परत जाऊ देत. आणि ह्या बाया उद्या संध्याकाळी, चार दिवस पुरे करून, आपल्या आपण घरी येऊ देत."

"होय महाराजा!" काका सगळ्यांत मोठ्यानं.

ह्यांचा एक डोळा उघडला.

"आणि दर शुक्रवारी ह्या मंडळाला जातील, तेव्हा घरातला चहा घरातला पुरुष करो, आणि साखरेचा डबा त्याचा त्यानं शोधो."

"होय महाराजा!" पाच आवाज. सहावा आला नाही.

नारळ मी दगडावर धरून ठेवला. आपटला नाही. अकरा बाया ह्यांच्याकडे बघत होत्या. पाचही पुरुष डोळे उघडून ह्यांच्याकडे बघायला लागले. काका काळजीनं म्हणाले, "अरे, म्हण ना लवकर! टेम्पो काढायचाय." ह्यांनी माझ्याकडे बघितलं, नारळाकडे बघितलं, मग आपल्या दोन पायांकडे बघितलं.

"होय... महाराजा."

खाट्! नारळाची दोन भकलं झाली, सरळ.

"आमीन!" कुलसुम ओरडली.

ह्यांनी वळकटी उतरवली, बाई ती घेऊन पुन्हा तंबूत शिरल्या. हे म्हणाले, "मग एवढा टेम्पो काय रिकामा नेऊ?"

"रिकामा कशाला?" काकी म्हणाली. "उद्या त्या कंडक्टरशी पुन्हा कोण भांडेल? आजचं वाटप झालंय. पाटा न्या."

तिनं दोरी सोडली. तंबू बसला. आतून शिट्टी वाजली.

पाटा पुढे ड्रायव्हरच्या शेजारी, खिडकीला बसला. आमचे हे मागे उभे राहून गेले.