पहिल्या उत्तरावर न उठणाऱ्या विजयाताई

“आई झोपेतच गेली. हार्ट अटॅक. काहीही त्रास झाला नाही.” विजयाताईंच्या मुलाचा, मंदारचा मेसेज आला तेव्हा मी मस्कतमधल्या वादी कबीर भागात मुलीच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. रडू आलंच. पण डोळे पुसता पुसता मनात शंकेची पाल चुकचुकली. काहीही त्रास झाला नाही, हे झोपलेल्या माणसाबद्दल याला कसं कळलं? मी मुळातच संशयी. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवं होतंस. पण या संशयात ताईंचाही हात होता.

त्यांची-माझी पहिली भेट मस्कतच्याच अझैबा भागातल्या एका दवाखान्यात झाली. सुती साडीतली ही बाई एका म्हाताऱ्या ओमानी आजींशी अशा भाषेत गप्पा मारत होती, जी ना हिंदी होती ना अरबी. ती स्वाहिली होती. आजींचं बालपण झांझिबारचं. मग मोर्चा माझ्याकडे वळला. घरी कोण कोण असतं? आणखी कोण? गेल्या वर्षी होतं आणि आता नाही, असं कोणी? मला वाटलं, बाई एक तर स्थळ शोधतेय नाहीतर भाड्याची खोली. उलगडा ओळख वाढल्यावर झाला. टांझानियातल्या खेड्यांत आरोग्याच्या पाहणीसाठी त्यांनी अर्धं आयुष्य हेच विचारत काढलं होतं. ठरलेल्या गावांतल्या प्रत्येक घरी पुन्हा पुन्हा जायचं. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोणी गाव सोडलं, ते टिपायचं. तिथे बहुतेक माणसं घरीच जात, कशाने गेली हे सांगायला डॉक्टर नसे. म्हणून दुःखाचे दिवस सरले की घरच्यांसमोर बसून विचारायचं, ताप होता का, धाप लागायची का, दवाखान्यात नेलं का, नसेल तर का नाही. त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवत.

लोकांना त्यांचा संशय यायचा, यात नवल नाही. ही बाई कर लावायला आलीय, ही येते त्या घरात माणूस दगावतो… काय काय ऐकून घेतलं त्यांनी. पण त्याही काही कमी संशयी नव्हत्या. एका घरात मागच्या फेरीला सून पोटुशी होती, आता बाळ दिसत नव्हतं. सासू म्हणाली, आमच्याकडे कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. ताई उठल्या नाहीत. सासूबरोबर शेंगा सोलत बसल्या. संध्याकाळी सुनेनेच सांगितलं, मुलगी झाली होती, लगेचच गेली. नाव ठेवायच्या आत गेलेलं मूल त्या घरात कोणी मोजतच नव्हतं. मला ऐकून रागच आला. एवढं खणून त्या पोरीला काय मिळालं, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, “तिला? लगेच काहीच नाही. पण कशाने गेलं हे कोणी विचारलंच नाही, तर पुढचंही तसंच जातं गं.” त्यांचं हे म्हणणं मला तेव्हा पुरतं पटलं नव्हतं, अजूनही पुरतं पटलंय असं नाही.

तेरावा झाल्यावर काही आठवड्यांनी मी अझैबाला त्यांच्या घरी गेले. मंदारने चहा दिला आणि मेसेजमधलीच वाक्यं पाठ केल्यासारखी म्हणून दाखवली. त्याची बायको उठून किचनमध्ये गेली. हार्ट थांबलं हे काय कारण झालं, सगळ्यांचंच थांबतं, असं ताई नेहमी म्हणायच्या. त्यांच्या खोलीत डोकावले, तर पलंगावरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. खिडकीपाशी आरामखुर्ची, तिच्यात एकावर एक उशा.

“मंदार, ताई आडव्या झोपत होत्या का?”

तो खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. “बसूनच झोपायची… ॲसिडिटी आहे म्हणायची. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. म्हणाली, ठीक आहे रे. आणि मी मानलं. ऑफिसात ऑडिट चालू होतं, ते मानणं सोयीचं होतं.”

सगळ्या जगाला खोदून विचारणाऱ्या बाईने घरच्यांना मात्र पहिल्याच उत्तरावर उठवून लावलं. मला ताईंचा भयंकर राग आला. बसून झोपावं लागणं किंवा संध्याकाळी पाय सुजणं म्हणजे हृदय थकल्याची खूण, हे त्यांना कळत नव्हतं असं मला कोणी सांगू नये. मग लपवलं का? मुलाला त्रास नको म्हणून, की स्वतःलाच भीती वाटली म्हणून? आता हे कोणाला विचारायचं… निघताना मंदार दारापर्यंत आला. म्हणाला, “सगळे सांत्वन करून गेले, सुमेधा. विचारलं कोणीच नव्हतं.” त्याचा चेहरा आधीपेक्षा मोकळा दिसला, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

ती खोली आता नातवाच्या अभ्यासाची झाली आहे. ताईंची खोड मात्र माझ्याकडे राहिली. परवा चिपळूणला आईला फोन केला. ती नेहमीसारखी ‘मी बरी आहे’ म्हणाली. शेजारणीचं बोलून झालं, आंब्यांचं झालं, तरी मी फोन ठेवला नाही. मग विचारलं, “आई, संध्याकाळी चप्पल घट्ट होते का गं?”

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

“तुला कोणी सांगितलं?” आई म्हणाली.